‘कमी दाबाची’ म्हणून विकलेली काडतुसे

आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक वापरात राहावी, पण तिच्या जुन्या नळ्यांवर ताण येऊ नये, या हेतूने मी ‘जुन्या बंदुकांसाठी कमी दाबाची’ म्हणून पुन्हा भरलेल्या 25 काडतुसांचा खोका एका विक्रेत्याकडून घेतला आणि फसलो. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

या बंदुकीचे चेंबर, म्हणजे नळीचा काडतूस बसणारा मागचा भाग, अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचे आहे, आणि ते मी विक्रेत्याला आधीच सांगितले होते. त्याने एक काडतूस माझ्यासमोर चेंबरमध्ये सरकवले. ते अलगद बसले, म्हणून मी विश्वास ठेवला. वास्तविक काडतुसाची जी लांबी सांगतात, ती तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. घडी घातलेले 70 मिलिमीटरचे काडतूस साठच्याही आत भरते, त्यामुळे ते आखूड चेंबरमध्ये बसणारच. बार उडाल्यावर मात्र ती घडी चेंबरच्या पुढे, नळी अरुंद होत जाते त्या उतारात उघडते, छर्‍यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. दोन बार काढल्यावर पुंगळ्यांच्या, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्यांच्या, कडा विरलेल्या दिसल्या, तेव्हा मी कॅलिपर लावला. दोन्ही पुंगळ्या 70 मिलिमीटरच्या होत्या.

खांद्याला धक्का मवाळ बसला होता, आणि विक्रेता तोच पुरावा म्हणून पुढे करत राहिला. धक्का छर्‍यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो, चेंबरमधील कमाल दाबावर नव्हे. झटपट जळणार्‍या दारूचा हलका बारसुद्धा मवाळ धक्का देऊन जास्त दाब निर्माण करू शकतो. 70 मिलिमीटरच्या आधुनिक बारा बोअर काडतुसांना अमेरिकी मानकात 11,500 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची मुभा आहे, आणि खांद्यावरून तो आकडा कोणालाही ओळखता येत नाही.

उरलेली 23 काडतुसे मी बंदुकीच्या कारागिराकडे नेली. त्याने तीन उघडून पांढर्‍या कागदावर रिकामी केली. खोक्यावर छर्रे 28 ग्रॅम लिहिले होते, ते तिन्हींत 32 भरले. वॅड, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच, दोन निरनिराळ्या प्रकारचे निघाले. आणि दारू कोणती, हे नुसते पाहून सांगण्यास त्याने साफ नकार दिला, जे योग्यच होते. सोबतच्या कागदावर दाबाचा आकडा होता, पण एकक नव्हते. शिशाचा तुकडा चेपून मोजलेला दाब आणि विद्युत संवेदकाने मोजलेला दाब यांचे आकडे सारखे येत नाहीत, त्यामुळे तसा आकडा निरर्थक असतो. त्याहून गंभीर म्हणजे कागदावर लिहिलेली टोपी (दारू पेटवणारी) आणि पुंगळी प्रत्यक्ष काडतुसांपेक्षा वेगळ्याच बनावटीची होती. दारूचे वजन तेच ठेवून टोपी, वॅड किंवा पुंगळी बदलली, तरी दाब बदलतो. म्हणून तपासून प्रसिद्ध झालेला प्रमाणतक्ता एका घटकाचाही फरक न करता पाळावा लागतो.

कारागिराने नळ्यांच्या भिंतींची जाडी ठिकठिकाणी मोजली आणि सुदैवाने फुगवटा आढळला नाही. मी विक्रेत्याकडे दारूचे नाव आणि मूळ तक्ता लेखी मागितला. तेव्हापासून त्याने उत्तर दिलेले नाही, पैसेही परत केलेले नाहीत. उरलेली 20 काडतुसे मी कारागिराकडूनच निकामी करून घेतली.