तीन दिवसांत कुत्र्याला पळवणारी ‘हर्बल’ पावडर

ज्यांच्या घरी सांधेदुखीने त्रासलेलं कुत्रं आहे त्यांनी हे जरूर वाचा.

आमचा ब्रुनो लॅब्राडॉर आहे, वय अकरा. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले दिसले होते. डॉक्टरांचा उपचार साधा होता: वजन उतरवा, माशाचं तेल द्या, दुखणं वाढलं तर सांगितलेल्या मापात मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक. हळूहळू फरकही पडत होता. त्यातच श्वानप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सांध्यांच्या पावडरीची जाहिरात आली. शल्लकी, गुग्गुळ, अश्वगंधा, हळद. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. डबा २,४०० रुपयांना. सोबत एक छापील चिठ्ठी होती: ‘हे चालू असताना ॲलोपॅथीची वेदनाशामकं पूर्ण बंद ठेवावीत.’

तिसऱ्या दिवशी ब्रुनो आपणहून जिना चढला. घरात सगळ्यांचे डोळे भरून आले. विक्रेत्याने व्हिडिओ मागितला, आम्ही आनंदाने पाठवला.

मग त्याची तहान वाढली. पाण्याचं भांडं भरून ठेवलं की रिकामं. आयुष्यात कधी घरात शू न केलेला कुत्रा रात्री हॉलमध्ये करायला लागला. भूक अशी की कचऱ्याचा डबा उलथून कणसाची बुरकुंडं खाल्ली. पोट लोंबायला लागलं, मांड्या मात्र बारीक होत गेल्या, पाठीवरचे केस विरळ झाले, पंख्याखाली पडूनही धापा टाकायचा. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, “शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. एकही दिवस चुकवू नका.”

चुकवू नका, यातली गोम पुढच्या डब्याचं पार्सल रखडलं तेव्हा कळली. पावडर थांबली आणि ब्रुनो कोसळला. उलट्या, थरथर, उभं राहायचं त्राण नाही. दवाखान्यात सलाइन लावलं आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. लक्षणं सगळी कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड संप्रेरक) वाढल्याची, आणि रक्तात कॉर्टिसोल अगदी तळाला. त्यांनी विचारलं, “याला स्टिरॉइड कोण देतंय?” उरलेली पावडर खासगी लॅबमध्ये तपासली. त्यात डेक्सामेथासोन हे जोरदार स्टिरॉइड निघालं.

बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतं. मग ते अचानक तोडलं की जिवावर बेततं. चिठ्ठीतल्या त्या सूचनेचा अर्थही तेव्हा लागला. स्टिरॉइड आणि मेलोक्सिकॅम एकत्र गेलं की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग बिंग फुटतं. म्हणजे डब्यात काय आहे हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं! मुक्या जिवाच्या बाबतीत हे करणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही.

लॅबचा रिपोर्ट पाठवताच विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला. डब्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, पत्ता म्हणून फक्त एक मोबाइल नंबर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि अन्न व औषध प्रशासनाला रिपोर्टच्या प्रतीसह लेखी अर्ज दिला आहे. ब्रुनोचा जिना चढतानाचा व्हिडिओ ते अजून जाहिरातीत फिरवतात. तो पाहून कुणी पावडर मागवू नका.

सगळेच सप्लिमेंट खोटे, असं मी म्हणत नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ला संशोधनाचा बऱ्यापैकी आधार आहे. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. पण यातलं काहीही तीन दिवसांत चमत्कार करत नाही. गुण यायचाच असेल तर कित्येक आठवडे जातात. वजनाचं महत्त्व तर सगळ्यांत जास्त. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात निम्म्यांना २५ टक्के कमी खाणं दिलं होतं. त्यांची सांधेदुखी उशिरा सुरू झाली आणि ते सुमारे दोन वर्षं जास्त जगले. पोळीचा तुकडा हातचा राखायला पैसे लागत नाहीत.

ब्रुनोला डॉक्टरांनी स्टिरॉइडची गोळी मोजून दिली आणि काही महिन्यांत ती हळूहळू उतरवली. केस परत येतायत, मांड्या अजून भरायच्या आहेत. जिना तो आता चढत नाही, आम्ही उचलून नेतो.

तुमच्याकडे अशी पावडर चालू असेल आणि कुत्रं एकाएकी सुधारून पाणी फार पीत असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका आणि वर माणसांची वेदनाशामकंही देऊ नका. डबा घेऊन आजच डॉक्टरकडे जा, त्यांना स्टिरॉइडची शंका स्पष्ट सांगा, आणि चमचाभर पावडर बाटलीत बंद करून तपासणीसाठी ठेवा.