निओप्रिनचा हिवाळी गमबूट: बाहेरचं पाणी अडवतो, आतला घामही अडवतो

शेतजमिनी आणि रानजमिनींचे व्यवहार करणाऱ्या माणसाचा हिवाळ्यातला दिवस पायांची परीक्षा पाहणारा असतो. सकाळी गिऱ्हाईकासोबत हद्दीच्या खुणा तपासत नांगरटीतून आणि ओढ्यातून चालायचं, फावड्याने खड्डा खणून माती पाहायची. काम संपलं की परवान्याचा हंगाम असेल तर पाणथळीत बदकांची वाट पाहत बसायचं, नाहीतर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून गळ सोडायचा. या सगळ्याला एकच जोडी पुरेल, अशा बोलीवर जो बूट विकला जातो त्याचं हे परीक्षण आहे: खाली व्हल्कनाइज्ड (उष्णतेने पक्कं केलेलं) रबर, वर साधारण ५ मिलिमीटर जाडीचं निओप्रिन, आत मऊ लवदार अस्तर, उंची गुडघ्याच्या खाली, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपास, आणि जोडीचं वजन जवळपास अडीच किलो. कंपन्या अनेक आहेत, पण बांधणी इतकी सारखी की गुणदोषही सारखेच निघतात.

निकाल आधीच सांगतो. उभं राहायला आणि बसायला हा बूट उत्तम. उथळ पाण्यात, पाणबर्फात (पाण्याने भिजलेल्या हिमात), चिखलात तर याला तोड नाही. सलग तासाभराहून जास्त चालायचं असेल तर मात्र तो नको. अडचण थंडीची नाही, घामाची आहे.

निओप्रिन म्हणजे कृत्रिम रबराचा फेस. त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात आणि ऊब धरतात ते बुडबुडेच. बंद असल्यामुळे पाणी त्यांत शिरत नाही. पण ही बंद भिंत एकतर्फी नाही. बाहेरचं पाणी आत येत नाही, तशी आतली वाफही बाहेर जात नाही. चालताना पाय घामाने निथळतो, तो घाम मोजा आणि अस्तर पितं आणि जिरायला जागा नसल्याने तिथेच राहतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे चालत असेपर्यंत पाय गरम वाटतो आणि माणूस तळ्यावर किंवा मचाणावर जाऊन बसला की अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. मग बूट गळतोय असं वाटून तो परत केला जातो. बूट गळत नसतो, मोजा आतूनच ओला झालेला असतो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. वरचं निओप्रिन मऊ असतं, ते घोट्यापर्यंत दुमडता येतं. हद्द चालताना ते दुमडून ठेवायचं आणि पाण्यात उतरायच्या आधी वर ओढायचं. अख्ख्या रबरी नळीच्या गमबुटात ही सोय नसते. या जातीच्या बाजूने माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा गुण. दुसरं म्हणजे चालताना पातळ मोजा घालायचा, जाड लोकरीची कोरडी जोडी पिशवीत ठेवायची आणि बैठकीच्या जागी पोहोचल्यावर मोजे बदलायचे. तेवढी दोन मिनिटं पाय गारठतो, पुढचे तीन तास निभावतात. सुती मोजा कुठल्याच थरात नको. ओला झाला की तो पायाला चिकटतो आणि वाळत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा धरूनही लगेच गार लागत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याबद्दल. 'उणे ४०' असं ठसठशीत छापलेलं असतं. (सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही मापं नेमकी याच आकड्यावर जुळतात, तेवढा एक घोळ वाचला.) हा आकडा कसा काढला हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. तो चालत्या माणसाला धरून आहे की बसलेल्या, हेही कळत नाही. त्यापेक्षा कामाच्या सुरक्षा-बुटांवरची 'सीआय' ही थंडीरोधाची खूण जास्त बोलते. इएन आयएसओ २०३४५ या मानकात बूट उणे १७ अंशांच्या पेटीत ३० मिनिटं ठेवतात आणि आतल्या तळाचं तापमान १० अंशांहून जास्त उतरता कामा नये. कसोटी छोटीशीच आहे, पण निदान आहे. शिकारी आणि मासेमारीच्या बुटांवर ती क्वचितच दिसते.

आणि घोडं पेंड खातं ते तळव्याखाली. निओप्रिन दाबलं की बुडबुडे चपटे होतात आणि ऊब जाते. पोटरीभोवती दाब नसतो, तिथे पाच मिलिमीटरचे पाच शाबूत राहतात. तळव्याखाली सगळ्या देहाचा भार असतो, तिथे निओप्रिन असूनही नसल्यासारखं. बर्फावर उभं राहिलं की थंडी खालूनच चढते. त्यामुळे विकत घेताना वरच्या निओप्रिनची जाडी पाहण्यात अर्थ कमी. आतली गादी बाहेर काढून पाहा. तिच्याखाली जाड, सहज न दबणारा इव्हीए फोमचा (लवचीक प्लास्टिकच्या फेसाचा) थर हवा आणि गादी सुटी निघणारी हवी. चिकटवलेली गादी वाळत नाही, बदलताही येत नाही. सुटी असेल तर हिवाळ्यात तिच्या जागी ६ ते ९ मिलिमीटर जाड लोकरीचा नमदा (दाबून केलेलं जाड कापड) टाकता येतो. मात्र ती जागा मापातच धरलेली हवी, नाहीतर वरून पाय आवळला जातो.

माप चुकण्याचं प्रमाण याच बुटात सर्वाधिक असेल. नाडी नाही, त्यामुळे सैल-घट्ट करणं हातात नाही. ज्या जाड मोज्यावर वापरायचा तोच मोजा घालून, संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घालून पाहावा. पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवली की टाचेमागे एक बोट बसलं पाहिजे. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. एकावर एक दोन जाड मोजे कोंबून ऊब वाढत नाही, रक्ताभिसरण अडतं आणि पाय जास्त गार पडतात. उलट बूट सैल असेल तर टाच आत वरखाली होते, फोड येतो आणि चिकण मातीत पाऊल रुतलं की पाय बाहेर, बूट आत अशी गत होते. (रुतलेला बूट सरळ वर उपसू नये. आधी टाच डावीकडे-उजवीकडे हलवून बाजूने हवा शिरू द्यावी, मग उचलावा.) पोटरीचा घेरही मोजून घ्यावा. घेर सैल असला की वरचा भाग प्रत्येक पावलाला नडगीवर थपथप आपटतो. व्यवहाराच्या कामात तो फक्त त्रास, शिकारीत मात्र तो आवाज हरणाला लांबून ऐकू जातो.

शिकारीत रबराची खरी किंमत वासाच्या बाबतीत आहे. चामडं आणि कापड माणसाचा वास धरून ठेवतात आणि वाटेवर सोडत जातात. रबर खूप कमी सोडतो आणि साबणाच्या पाण्याने धुतला की निघतोही. नव्या बुटाला स्वतःचाच उग्र वास असतो. तो हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी बाहेर, सावलीत टांगून घालवावा. पेट्रोल पंपावर हेच बूट घालून उतरलात तर या सगळ्यावर पाणी. मचाणाच्या शिडीसाठी तळात पोलादी पट्टी आहे का ते पाहा. बूट दोन हातांनी मध्यावर वाकवला तर तो वाकता कामा नये, फक्त चवड्यापाशी वाकावा. पट्टी नसेल तर शिडीची गोल पायरी तळव्यात रुतते, आणि माती पाहायला खड्डा खणताना फावड्यावर पाय द्यायचा असतो, तिथेही तेच दुखणं.

गोठलेल्या तळ्यावर या बुटाची उंची वसूल होते. बर्फावर हिमाचा थर साचला की त्याच्या वजनाने बर्फ थोडा दबतो, भेगांतून आणि भोकांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली १०-१५ सेंटिमीटर पाणबर्फ तयार होतो. वरून काहीच दिसत नाही, पाऊल पडलं की कळतं. घोट्यापर्यंतच्या चामडी बुटाचा तिथेच निकाल लागतो. हा गमबूट आरामात पार होतो. पण बूट कितीही चांगला असला तरी बर्फाची जाडी गिरमिटाने भोक पाडून मोजायचीच: पायी चालायला स्वच्छ, निळसर-काळा, घट्ट बर्फ किमान १० सेंटिमीटर. पांढरा, हवा-हिम मिसळलेला बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, म्हणून तिथे दुप्पट जाडी धरावी.

घसरण्याच्या बाबतीत रबर फसवतो. खोल नक्षी चिखलासाठी असते. ओल्या बर्फावर नक्षीचा उपयोग नाही, तिथे थंडीत कडक न होणारं मऊ रबर लागतं आणि तेही पुरत नाही. बुटावर ताणून चढवायचे खिळ्यांचे पट्टे वेगळे घ्या. जाड तळाच्या या बुटाला नेहमीच्या मापाचा पट्टा अपुरा पडतो, एक माप मोठा लागतो. नाहीतर थंडीत ताणलेला पट्टा चवड्यावरून निसटतो. स्वस्तातले पीव्हीसीचे बूट दिसायला असेच असतात, पण पीव्हीसी गारठ्यात ताठ होतं आणि चवड्याच्या घडीवर तडकतं. दुकानात ओळखायचं तर चवडा वाकवून सोडा: नैसर्गिक रबर लवकर आणि सहज जागेवर येतो, पीव्हीसी कुरकुरत.

भोकाशी तासन्‌तास उभं राहताना बुटाखाली लाकडी फळी किंवा दोन सेंटिमीटरची फोमची चटई टाका. दीडपट महागड्या बुटाने जो फरक पडत नाही तो या चटईने पडतो. बोटांखाली ठेवलेल्या नेहमीच्या रासायनिक उष्ण पुड्या या बुटात धड चालत नाहीत. त्यातली लोखंडाची भुकटी प्राणवायू घेऊन गंजते तेव्हा उष्णता निघते आणि बंद रबरात प्राणवायूच कमी. त्यासाठी पायाच्या वेगळ्या पुड्या मिळतात, त्याच घ्याव्यात. बूट चढवायच्या आधी दहा मिनिटं त्या मोकळ्या हवेत तापू द्याव्यात.

नदीत उतरून मासेमारी करायला हा बूट नाही. उंची ४० सेंटिमीटर असली तरी वाहत्या पाण्यात लाट पायावर चढते, त्यामुळे २५ सेंटिमीटर ही कामाची मर्यादा. त्यापुढे छातीपर्यंतचा वेडर (पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख) लागतो. बुटात पाणी भरलं तर बूट माणसाला खाली ओढतो ही समजूत चूक आहे. पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याला वजन जाणवत नाही. जड होतो तो काठावर चढताना. शांतपणे काठ गाठायचा, आडवं पडून पाय वर करायचे, पाणी आपोआप निघून जातं.

जमिनीच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट येते जी शिकाऱ्याच्या डोक्यात नसते. एका दिवसात तीन शेतांवर जाणारा माणूस गुरांचे रोग आणि तणांचं बी एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेऊ शकतो. रबर धुता येतं हा इथे मोठा फायदा. पण जंतुनाशक चिखलावर काम करत नाही. आधी ताठ ब्रशने नक्षीतली माती काढायची, पाण्याने धुवायची, मगच जंतुनाशक आणि तेही बाटलीवर लिहिलेला वेळ लागून राहू द्यायचं. खोल, अरुंद नक्षी असेल तर हे काम दहा मिनिटांचं, उथळ आणि मोकळी असेल तर दोनचं. चिकण मातीही मोकळ्या नक्षीतून आपसूक झडते. पायावरचा एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतका दमवतो, तेव्हा तळाला चिकटलेला चिखल वाटतो त्याहून महाग पडतो.

गाडी मात्र या बुटांनी चालवू नये. जाड तळाला क्लच आणि ब्रेक नीट कळत नाहीत. मागे पसरट ट्रे ठेवा, बूट त्यात. रात्री डिकीत राहिलेला ओला बूट सकाळी दगड होतो.

कमकुवत जागा एकच आहे आणि ती जुनी आहे: रबर आणि वरचा भाग जिथे जुळतात तो सांधा. १९१२ मध्ये अमेरिकेत एल. एल. बीन यांनी रबरी तळ आणि चामडी वरचा भाग जोडून शिकारी बूट काढला तेव्हा विकलेल्या पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० परत आल्या होत्या, कारण दोन्ही भाग सुटले. आज सांधा चिकटवलेला आणि वरून रबरी पट्टीने झाकलेला असतो, तरी फाटतो तिथेच, आणि बहुधा आपल्याच हाताने, म्हणजे पायाने. एका बुटाचं टोक दुसऱ्याच्या टाचेवर रेटून बूट काढायची सवय सांध्याला सोलून काढते. टाचेवर बाहेर आलेला रबरी खाचेचा ओठ त्यासाठीच असतो, नाहीतर दोन लाकडांचा साधा बूटकाढा करून घ्यावा.

काटेरी तारेने निओप्रिनला चीर पडली तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन टिकत नाही. पॉलियुरेथेनचा लवचीक गोंद लागतो. गळती शोधायला अंधाऱ्या खोलीत बुटात टॉर्च सोडा. उजेड दिसला नाही तर बुटात पाणी भरून बाहेरून ओल कुठे येते ते पाहा आणि खूण करा. पूर्ण वाळू द्या, स्पिरिटने पुसा, रबर असेल तर पॉलिशपेपरने खरखरीत करा. गोंद चिरेच्या दोन्ही बाजूंनी, कडेला सेंटिमीटरभर पसरून लावा आणि २४ तास हात लावू नका. थंड गॅरेजमध्ये तो त्याहून जास्त वेळ घेतो.

वाळवताना शेकोटी किंवा हीटरजवळ बूट ठेवू नका, गोंद मऊ होऊन सांधा सुटतो. गादी काढा, वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला. रबरावर पांढरट धूसर थर आला तर ती बुरशी नव्हे, रबरातलंच मेण पृष्ठभागावर येतं, ओल्या फडक्याने पुसलं जातं. तेल किंवा व्हॅसलीन लावून चकाकी आणायचा मोह टाळा, रबर फुगतं. उन्हाळ्यात बूट उभे, न दुमडता, उन्हापासून आणि चालू विजेच्या मोटरपासून लांब ठेवा. मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो, आणि चवड्याच्या घडीवर पहिल्या बारीक भेगा पडतात त्या त्यानेच.