बर्गर खायचाय, पण छोट्या जॉइंटला जायचं की चेनच्या आउटलेटला?

जळगाव, धुळे, भुसावळ कुठेही जा, कॉलेजच्या आसपास एखादा तरी छोटा बर्गर जॉइंट आता दिसतोच, पाच-सहा टेबलं, समोर तवा, मालक स्वतः काउंटरवर. आणि नाशिक-पुण्याला गेलं किंवा हायवेला थांबलं की चेनचं चकाचक आउटलेट. पोरं म्हणतात ब्रँडचाच पाहिजे, मोठ्यांना वाटतं छोट्याकडे खाणं म्हणजे रिस्क, त्यामुळे वाढदिवस असो की रविवारची संध्याकाळ, घरोघरी हा वाद ठरलेला. माझं मत आधीच सांगून टाकतो. तिथेच बसून गरमगरम खाणार असाल आणि पॅटी, म्हणजे बनमधली टिक्की, मालक स्वतः बनवत असेल तर छोटा जॉइंट कधीही भारी. यातली एक जरी गोष्ट नसेल तर चेनला जा, त्यात काही वाईट नाही.

पॅटीचं आधी घेतो कारण सगळा खेळ तिथेच आहे. चेनची पॅटी कारखान्यात बनते, फ्रोझन येते, आउटलेटला फक्त ठरलेल्या वेळेइतकी तळतात किंवा भाजतात, टायमर वाजला की काढली. म्हणून मुंबईत खा नाहीतर नाशिकला, चव तीच. ही छोटी गोष्ट नाही भो, प्रवासात लहान पोरं सोबत असली की तीच चव मिळणं म्हणजे मोठी सोय. पण आपल्याकडे लोकांना एक गोष्ट माहीत नसते, की बरेच छोटे जॉइंटसुद्धा बाजारातली तयार फ्रोझन पॅटीच वापरतात. पाकीट फोडलं, तळलं, बनमध्ये ठेवलं, वर सॉस. मग तिथे जाऊन उपयोग काय? चेनसारखीच वस्तू, फक्त चेनचा टायमर नाही. त्यामुळे ऑर्डर द्यायच्या आधी सरळ विचारा, "दादा, पॅटी इथे बनवता का रेडीमेड?" जो बनवतो तो अभिमानाने सांगतो, कधी बनवली तेही सांगतो. आणि विचारायचं नसेल तर बघून पण कळतं, रेडीमेड पॅटी एकदम गोल, सगळ्या सारख्या जाडीच्या, वरचा चुरा एकसारखा पिवळा. हाताची टिक्की कडेला थोडी वाकडीतिकडी असते, आत वाटाणा-कोथिंबीर वेगळी दिसते.

चिकनवाल्याकडे तव्याजवळचं टेबल पकडा. चांगला माणूस खिम्याचा गोळा कडकडीत तापलेल्या तव्यावर टाकतो, वरून प्रेसने दाबून पातळ करतो, कडा जाळीदार तपकिरी होईपर्यंत हात लावत नाही, मग उलथन्याने खालून खरवडून उलटतो, म्हणजे चिकटलेला खरपूस थर पॅटीसोबतच येतो. सगळी चव त्या तपकिरी थरात असते, आणि तो थर तवा खूप तापलेला आणि कोरडा असल्याशिवाय येत नाही, कोमट तव्यावर खिमा पाणी सोडतो आणि मग तो भाजला न जाता शिजतो. उलटल्यावर चीज स्लाइस, आणि बाजूला बटर टाकून बन आतल्या बाजूने भाजायला. बन भाजतोय की नाही हे नक्की बघा, न भाजलेला बन सॉसने दोन मिनिटांत लगदा होतो. लोकल बेकरीचा सकाळचा ताजा बन आणि तो बटरवर भाजलेला, या एका गोष्टीत चेन छोट्याच्या जवळपास पण येत नाही.

मग ठेचा. काही जण मेयोमध्ये, म्हणजे मेयोनेज नावाच्या घट्ट पांढऱ्या सॉसमध्ये, हिरव्या मिरचीचा ठेचा मिसळून लावतात, कोणी पॅटीत आपला काळा मसाला घालतो. आपली जीभ शेवभाजी आणि भरितावर वाढलेली, तिला चेनचा गोडसर सॉस फिका लागणारच. चेनने पण भारतासाठी मेनू बदललाय म्हणा, मॅकडोनाल्ड्स 1996 ला इथे आलं ते बीफ-पोर्क न ठेवताच आणि आलू टिक्की बर्गर तर त्यांची ओळखच झाली, पण तो सगळ्या देशाला चालेल असा तिखटपणा. छोट्याकडे "तिखट जास्त टाक" म्हटलं की टाकतो, विषय संपला.

आता स्वच्छता, कारण खरी भीती तिचीच असते. चेनमध्ये नियम लिहिलेले असतात, वरून तपासणी असते, त्यामुळे तिथे कमीत कमी एक लेव्हल सांभाळली जाते, हे मान्य करायलाच पाहिजे. छोट्याकडे सगळं मालकावर. पण छोट्याचा तवा तुमच्या समोर असतो, चेनचं किचन बर्‍यापैकी आत, म्हणजे इथे तुम्ही स्वतः बघू शकता. मी तीन गोष्टी बघतो. एक, तळणीचं तेल, काळपट दिसतंय, फेस येतोय, धूर निघतोय तर तिथे तळलेलं काही घेऊ नका. सरकारचा नियम पण आहे, 1 जुलै 2018 पासून, तेलातली खराब झालेली संयुगं, ज्याला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, ती 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचंच नाही. दोन, मेयोची बाटली कुठे ठेवलीय. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, तव्याशेजारी तर विचारूच नका, तिथे दुपारपासून बाहेर ठेवलेला मेयो मी खात नाही. कच्च्या अंड्याचा मेयो तर त्याहून नाजूक, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये त्यावर वर्षभरासाठी बंदी घातली होती आणि 2025 ला तामिळनाडूनेही. छोट्याला विचारा, एगलेस आहे का आणि फ्रिजमध्ये असतो का. तीन, चिकन आतून शिजलंय का. खिमा असल्यामुळे वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, आत 74 डिग्रीपर्यंत तापायला पाहिजे. पातळ दाबलेली पॅटी पटकन होते, जाड असेल तर मधून तोडून बघा, गुलाबी वाटलं की बिनधास्त परत द्या. आणि बिलावर 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा परवाना नंबर बघा, 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे.

घरात शाकाहारी किंवा जैन मंडळी असतील तर थोडं वेगळं. मॅकडोनाल्ड्समध्ये व्हेज-नॉनव्हेजची जागा आणि भांडी वेगळी ठेवतात. छोट्याकडे बर्‍याचदा एकच तवा, एकच उलथनं. आपल्याकडे प्युअर व्हेज जॉइंट भरपूर आहेत, आजी-आजोबा सोबत असतील तर तिथेच न्या, जेवताना कोणाच्या मनात शंका नको. जैनसाठी मात्र आधी फोन करा, कांदा-लसूण वरून काढता येतो पण टिक्कीत बटाटाच असतो आणि मिश्रण आधीच झालेलं असतं, पनीरचं काही असेल तर जमतं.

पैशाचं म्हणाल तर नुसत्या एका बर्गरवर तुलना करू नका. चेनचा सगळ्यात छोटा बर्गर स्वस्तच असतो, तो बोलावण्यासाठीच ठेवलेला, खरा खर्च कॉम्बो, चीज एक्स्ट्रा, कोल्ड्रिंक मोठं यात होतो. 5 टक्के जीएसटी वर, म्हणजे 400 च्या बिलाला 20 रुपये. छोटा दुकानदार कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असेल तर त्याला गिर्‍हाइकाकडून टॅक्स वेगळा घेताच येत नाही, तरी बिलात लावला असेल तर विचारा. फ्राइज दोन्हीकडे बहुतेक फ्रोझनच, तिथे फरक फक्त तेलाचा, म्हणून छोट्याकडे मी फ्राइजऐवजी दुसरा बर्गर घेतो.

बारा-पंधरा जणांचा ग्रुप असेल तर मात्र छोट्याला त्रास देऊ नका, एका तव्यावर एका वेळी पाच-सहा पॅटी बसतात, पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा शेवटच्याचं यायचं असतं. एसी, टॉयलेट, पार्किंग, पोरांना बसायला जागा, हे सगळं पण चेनलाच. छोट्याकडे दोघं-चौघं जा, शनिवार-रविवार सोडून, संध्याकाळी सहाच्या आसपास, तवा तापलेला असतो आणि मालकाला बोलायला वेळ असतो.

अ‍ॅपवरून मागवायचं असेल तर तव्यावरचा बर्गर मागवूच नका. डब्यात वाफ धरते, खरपूस कडा मऊ पडतात, अर्ध्या तासात बन ओला. वरून अ‍ॅपवरचा रेट काउंटरपेक्षा जास्त असतो कारण अ‍ॅपचं कमिशन छोट्याला परवडत नाही. घरीच खायचा असेल तर स्वतः जाऊन घेऊन या, सॉस वेगळा बांधायला सांगा, डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, आणि घरी आल्यावर बन तेवढा तव्यावर उलटा ठेवून मिनिटभर भाजून घ्या.