गावच्या कोंडवाड्याचा अनुभव

रात्री मोकाट गुरं हरभऱ्यात शिरली अन अर्धा एकर साफ केला, म्हणून सकाळी सहा जनावरं हाकत कोंडवाड्यात, म्हणजे पकडलेली मोकाट गुरं ठेवायच्या गावच्या आवारात, नेली. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यानं पकडल्यापासून २४ तासांत तिथं पोचवावी लागतात, घरी डांबून ठेवता येत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

पावती लगेच मिळाली, मालकानं दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून संध्याकाळी सोडवून नेली, शिवीगाळ नाही मारामारी नाही, हे लई मोठं काम झालं. पण हौद कोरडा, सावलीला साधा पत्रा नाही, मुक्या जिवाचा काय दोष? आणि तो दंड आपल्याला मिळत नाही बरं का, पिकाची भरपाई वेगळी मागावी लागते. अशा नुकसानीचा ठपका कुणी धनगरांवर ठेवतं, पण त्यांना यात ओढू नका, आमच्याकडं ते विचारूनच रानात मेंढरं बसवतात, वर लेंडीखत मिळतं.