पॉइंट पन्नास सांगून पॉइंट बत्तीसचे पत्रे दिले, माझे 41,400 रुपये गेले

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. अजूनही वाटते. पण परवा शेजारच्या वाडीतल्या एकाच्या गच्चीवर तसेच निळे पत्रे चढताना पाहिले आणि ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

आधीच सांगतो, मी या कामात नवखा नाही. घराची शाकारणी वडिलांच्या हाताखाली शिकलो. पंप, नळ, वायरिंगची लहानसहान कामं, पडवीचं प्लास्टर, सगळं घरचं घरी करतो. बिनबिलाचा, दारावर आलेला, स्वस्त माल कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे तसं मलाही माहीत होतं. तरी फसलो.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने गच्चीवरचे सिमेंटचे पत्रे उचलून नेले. तेव्हा सगळ्या किनाऱ्यावर पत्र्यांची ओरड होती, म्हणून मिळाले ते साधे पत्रे घाईत टाकले. पाच वर्षांत खाऱ्या वाऱ्याने त्यांची चाळण झाली. पाइपचा सांगाडा मात्र चांगला होता. तो घासून रंगवला की वर फक्त पत्रा मारायचा, एवढंच काम. फॅब्रिकेटरने मजुरीसकट 71,000 सांगितले. मी म्हटलं, माल आणू आणि मी, मेहुणा आणि भाचा मिळून चार दिवसांत चढवू. हा विचार चुकीचा नव्हता, आजही मी त्यावर ठाम आहे. चूक माल घेताना झाली.

एप्रिलच्या शेवटी एक जण पिकअप घेऊन वाडीत आला. नीट बोलणारा, हातात रंगांचे नमुने. पॉइंट पन्नासचा, म्हणजे अर्धा मिलीमीटर जाडीचा, गॅल्व्हल्यूम कलर पत्रा, थेट फॅक्टरीतून, 118 रुपये फूट. जो नमुना दाखवला तो खरोखर जाड होता, मी बोटांनी वाकवून पाहिला, वाकला नाही. 14 फुटी 20 पत्रे, म्हणजे 33,040. स्क्रू, रिज (छपराच्या माथ्यावरची पट्टी) आणि बाकीचं 4,860. गाडीभाडं 3,500. एकूण 41,400. त्यातले 15,000 मी यूपीआयने आगाऊ दिले, उरलेले 26,400 माल उतरल्यावर रोख. बिल हवं तर 18 टक्के जीएसटी लागेल म्हणाला, नुसत्या पत्र्यांवर 5,947 रुपये. ते वाचवायला मी बिल घेतलं नाही. ही माझी पहिली चूक, आणि पुढे प्रत्येक टेबलावर हीच आडवी आली.

9 मेला संध्याकाळी माल आला. आता मी जे सांगतोय ते रोज रात्री डोळ्यांसमोर येतं. गाडीवरची दोन पोरं एका वेळी चार-चार पत्रे उचलून खळ्यातून आत आणत होती, आणि चालताना आपसात गप्पा मारत होती. 14 फुटी पन्नासचा पत्रा 19-20 किलो भरतो. चार म्हणजे 80 किलो. 80 किलो घेऊन कोणी गप्पा मारत चालत नाही. मी स्वतः एक पत्रा मधोमध धरून एकट्याने उचलला, डोक्यावर घेतला, आणि तोंडाने बोललोसुद्धा, "हलके वाटतात हो."

पत्रेवाला लगेच म्हणाला, "काका, अॅल्युमिनियम आहे ना यात, पंचावन्न टक्के. म्हणून तर गंज नाही."

हे पंचावन्न टक्के खोटं नाही, म्हणूनच मी गप्प बसलो. गॅल्व्हल्यूममध्ये 55 टक्के अॅल्युमिनियम, साधारण 43 टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं, हे मी वाचलेलं होतं. पण ते वरच्या मुलाम्यात! आतला पत्रा पोलादीच असतो. केसाएवढ्या मुलाम्यामुळे 20 किलोचा पत्रा 13 किलोचा होत नाही. पेटीत चुंबक होतं. लावून पाहिलं असतं तर खटकन चिकटलं असतं आणि त्याची अॅल्युमिनियमची थाप तिथेच उघडी पडली असती. आईने आतून विचारलंही, "मोजून घेतलंस ना रे?" मी वीस पत्रे मोजले, हो म्हटलं आणि पैसे दिले. नग मोजले, वजन केलं नाही. शंभर पावलांवर दुकानात काटा आहे.

पत्रे चढवताना दुसऱ्यांदा कळायला हवं होतं. भाच्याने पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाइपवर, नेमका पाय ठेवला तरी पत्र्याला वाटीएवढा खोलगा पडला. स्क्रू आवळला की भोवतीचा पत्रा आत ओढला जायचा आणि वायसर तिरका बसायचा. भाचा म्हणाला, "मामा, हा तेलाच्या डब्याचा पत्रा वाटतो." मी त्याच्यावरच ओरडलो, मशीन हळू चालव म्हणून. त्या पोराची माफी मी नंतर मागितली.

काम आम्ही चोख केलं होतं, हेही लिहितो, कारण नंतर ऐकवलं गेलं की "तुम्हीच नीट बसवले नसतील." नैर्ऋत्येचा वारा धरून उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे जोडाची कड वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. स्क्रू पन्हळीत नाही, उंचवट्यावर मारले. वळचणीला, कोपऱ्यांना आणि रिजला जास्त मारले, कारण वारा पत्रा उचलतो तो कडेने. ग्राइंडर लावला नाही, ठिणग्यांनी रंग जळतो आणि कापलेली कड गंजते. सगळं कात्रीने कापलं. वरचा लोखंडाचा कीस रोज संध्याकाळी झाडून काढला. यात कुठे कमी पडलो ते कोणी दाखवावं.

2025 ला पाऊस मिरगाची वाट न बघता आला, 25 मेलाच मान्सून तळकोकणात पोचला. आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच वारा-पाऊस सुरू होता. दुसऱ्या रात्री पत्रे फडफडायला लागले. झोप लागेना इतका आवाज. सकाळी पाहतो तर स्क्रूभोवतीची भोकं लांबट झालेली, आणि पश्चिमेच्या कडेचे दोन पत्रे स्क्रू तसेच पाइपवर ठेवून फाटून गेलेले. एक शेजाऱ्यांच्या पोफळींत पडला. माणूस खाली नव्हतं हे नशीब. गच्चीवर ठेवलेलं बियाण्याचं भात, दोन पोती, भिजून रुजलं. पेरणीच्या तोंडावर बियाणं विकत आणावं लागलं.

मग हायस्कूलच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज मागून आणला. चार ठिकाणी मोजलं. रंगासकट 0.32 मिलीमीटर. दुकानाच्या काट्यावर एक पत्रा 12 किलो 800 ग्रॅम. वीस पत्र्यांत सुमारे 140 किलो लोखंड कमी दिलं होतं त्याने. गठ्ठ्यावरचा "0.50" लिहिलेला कागदी स्टिकर मी जपून ठेवला होता. नखाने उचकटला तर खाली दुसरा अर्धवट फाडलेला स्टिकर. पत्र्याच्या मागच्या बाजूला काहीही छापलेलं नाही. चांगल्या कंपनीच्या पत्र्यावर नाव आणि जाडी ठराविक अंतरावर छापलेली असते. छापील ओळ नसेल तर गाडीतून माल उतरवूच देऊ नका.

त्याचा फोन आधी उचलला जायचा, "दोन दिवसांत माणूस पाठवतो." मग बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, "हा दिवाणी मामला आहे, माल मिळालाय ना तुम्हाला?" मी म्हटलं, एक दाखवून दुसरं देणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत 318 कलम त्यासाठीच आहे, जुनं 420. तर मलाच विचारलं, वकील आहात का. तिसऱ्या फेरीला तक्रार अर्ज घेतला, पोच द्यायला तासभर बसवलं. यूपीआयचं म्हटल्यावर सायबरकडे बोट. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवलेत, वस्तू आलीय, हे आमच्यात बसत नाही. वजन-मापाच्या कार्यालयात म्हणाले, तुम्ही फुटावर घेतलंत, फूट बरोबर भरतात, आम्ही काय करणार. वीस पत्रे चौदा फुटांचेच आहेत, खरं आहे. म्हणजे जाडी चोरली तर या राज्यात ती कोणाच्याच खात्यात नाही? आणि प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, बिल कुठाय. बिल न देणारा विक्रेता गावोगाव पिकअप भरून फिरतो, त्याला कोणी हटकत नाही, आणि बिल न घेणाऱ्या माझ्याकडे असं बघतात की चोर मीच. एका टेबलावरचा मुलगा तर हसला. मी वयाने त्याच्या बापाएवढा आहे. पाच फेऱ्यांत एसटी, झेरॉक्स आणि बुडालेली रोजी धरून आणखी 3,150 गेले, ते वेगळेच.

आता जे सुचतंय ते सांगतो, क्रम लावत बसत नाही. पत्र्याचा भाव फुटावर ठरवला तरी माल वजनावर घ्या. हिशेब सोपा आहे, एक मिलीमीटर जाडीचं एक चौरस मीटर पोलाद 7.85 किलो, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरचं जवळपास चार. रंगीत पत्रा थोडा कमी भरतो, पण अडीच किलो कधीच नाही. जाडी रंगासकट की रंगाशिवाय, ते आधी विचारा. नमुन्याचा तुकडा मागून घ्या, त्यावर तारीख टाकून सही घ्या. मी नमुना परत दिला! रोख नको, सगळे पैसे बँकेतून. समुद्राजवळ साधे स्क्रू चालत नाहीत. माझे पहिल्याच पावसात तांबडे झाले आणि पत्र्यावर गंजाचे ओघळ आले. पैसे ऑनलाइन गेले आणि वस्तूच आली नाही तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन करा, उशीर केला तर पैसे पुढे सरकतात. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त बंद पडलेला नंबर आणि यूपीआयवरचं नाव आहे. गाडीचा फोटो काढून ठेवा. मी तो काढला नाही, दोन पोरांना चहा दिला.

सध्या पत्र्यांवरून नायलॉनची दोरी ओढून वाळूच्या गोण्या बांधल्या आहेत. फाटलेल्या जागी ताडपत्री. दिवाळीनंतर सगळं उतरवणार. त्यातला एक पत्रा, दोन्ही स्टिकर आणि यूपीआयची पावती मी माजघरात ठेवली आहे. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ज्या कोणी या उन्हाळ्यात निळे, मागे कोरे पत्रे पिकअपवाल्याकडून घेतले असतील त्यांनी आजच एक पत्रा काट्यावर टाकावा आणि वजन लिहून ठेवावं. असे फसलेले आम्ही तिघे आतापर्यंत एकमेकांना सापडलो आहोत. एका अर्जाला दिवाणी मामला म्हणाले, दहा अर्ज एकत्र नेले तर काय म्हणतात ते बघू.