जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल : भिंतीआड कोणाचा बँड पोचतो?

सिम घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, रोजचं दीड जीबी देऊ की दोन? खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. तुमच्या स्वयंपाकघरात त्या कंपनीचा कुठला बँड (मेगाहर्ट्झमध्ये मोजला जाणारा रेडिओ लहरींचा पट्टा) येतो? महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागात (मुंबई-ठाणे-नवी मुंबईचं सर्कल वेगळं), प्रत्येक कंपनी एकाहून जास्त बँडवर चालते. त्यामुळे एकच सिम अंगणात झकास आणि माजघरात मेल्यासारखं वागू शकतं. हे परीक्षण घराच्या आतून केलेलं आहे. रस्त्यावर चारही कंपन्या आपापल्या परीनं बऱ्या चालतात.

८५० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटिमीटरची, २३००ची १३ची. अँटेना सारखे धरले तर मोकळ्या हवेतच २३००चा सिग्नल सुमारे ९ डीबीनं (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) कमी पोचतो, म्हणजे सातव्या हिश्शाइतका. त्यात कोकणातली जांभ्या चिऱ्याची जाड भिंत, पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेली, किंवा पुण्यातल्या ऑफिसची धातूचा मुलामा दिलेली काच आली की वरचा बँड दारातच अडतो. वरच्या बँडकडे रुंदी असते, म्हणून वेग असतो. खालच्याकडे पोच असते, पण जागा थोडी. ५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ४जीवर साध्या दोन अँटेनांच्या फोनला कमाल ३७ एमबीपीएस मिळतात, १० वर ७५, आणि तेही टॉवरच्या त्या बाजूच्या सगळ्या फोनांत वाटून.

जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर आहे. घरातला आधार ८५०चाच, आणि तो दूरवर पोचतो हे मान्य करायला हवं. पण संध्याकाळी सगळं गाव घरात शिरलं की सगळेच त्या अरुंद पट्ट्यावर येतात आणि व्हिडिओ गोल फिरायला लागतो. जिओकडे २जी-३जी नाही. ४जी किंवा ५जी सुटलं की कॉलही गेला.

एअरटेलनं ३जी २०२० मध्ये बंद केलं, २जी ठेवलं. इंटरनेट मेलं तरी साधा कॉल लागतो, आणि घाटातल्या गावात ही गोष्ट फार मोठी आहे. शहरात १८०० आणि २१०० या मधल्या बँडांवर घरातलं काम चांगलं भागतं. व्हीआयकडे ९००, १८००, २१०० आणि २५०० आहेत. बँड उत्तम, पण ४जीचे टॉवर जिओ-एअरटेलपेक्षा कमी. जवळ टॉवर असेल तर ९०० जाड भिंतीलाही दाद देत नाही. नसेल तर त्या बँडचा उपयोग काय?

बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी (तेजस, सी-डॉट आणि टीसीएसचं) २७ सप्टेंबर २०२५ ला अधिकृतपणे सुरू झालं. त्यात ७०० आणि २१०० आहेत. ७०० हा या चौघांच्या ४जीतला सर्वांत खोल शिरणारा बँड. अट एकच, फोनला बँड २८ (७००चा क्रमांक) हवा. अनेक जुन्या फोनांत तो नसतो. मग फोन फक्त २१०० पकडतो आणि दोष कंपनीच्या माथी येतो. शिवाय २जी-३जीच्या काळातलं सिम बदलून घ्यावं लागतं.

आता तपासायचं कसं. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* लावून फोनची माहिती उघडा. उघडत नसेल तर नेटमॉन्स्टर हे ॲप घाला. सॅमसंगला *#००११#, आयफोनला *३००१#१२३४५#*. वायफाय बंद करा, डेटा एकाच सिमवर ठेवा. गॅलरी, हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली अशा प्रत्येक जागी एक मिनिट थांबा आणि तीन आकडे लिहा : आरएसआरपी (सिग्नलची ताकद; उणे आकडा, शून्याकडे जाईल तितका चांगला), एसआयएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे), ईएआरएफसीएन (४जीच्या लहरीचा क्रमांक). दुपारी एकदा, रात्री ९ ला पुन्हा.

बँड ओळखायचा तो ईएआरएफसीएनवरून. ५९९ पर्यंत २१००. १२०० ते १९४९ म्हणजे १८००. २४०० ते २६४९ म्हणजे ८५०, ३४५० ते ३७९९ म्हणजे ९००, ९२१० ते ९६५९ म्हणजे ७००. ३८६५० ते ३९६४९ आला तर २३००, त्याच्या वर ४१५८९ पर्यंत २५००.

जिओचं सिम असेल तर दारातून आत सात-आठ पावलं टाकताना पडदा बघत राहा. अडतीस-एकोणचाळीस हजारांतला आकडा मध्येच चोवीसशे-पंचवीसशेच्या घरात उडी मारतो, आरएसआरपी उणे ११२ वरून उणे ९८ वर येतो, काड्या वाढतात आणि वेग उतरतो. काड्या वाढून वेग का उतरला, याचं उत्तर तिथंच मिळतं. आरएसआरपी उणे १०० पर्यंत चालेल, उणे ११० नंतर त्रास, उणे १२० च्या आसपास संपलं. एसआयएनआर शून्याखाली असेल तर काड्या कितीही असोत, भरवसा नको.

सगळ्यात जास्त छळणारी गडबड वेगळीच. फोन २३०० वर चिकटून राहतो, तुम्हाला समोरच्याचं सगळं ऐकू येतं आणि तो मात्र म्हणतो, ‘आवाज तुटतोय’. टॉवरची ताकद कित्येक वॅट, फोनची जेमतेम २०० मिलिवॅट. त्यात २३०० वर पाठवणं आणि घेणं एकाच पट्ट्यात आळीपाळीनं चालतं, आणि नेहमीच्या मांडणीत फोनच्या वाट्याला पाचातला एकच भाग येतो. म्हणून आधी फोनचा आवाज मरतो, टॉवरचा नाही. विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद केला की फोन नव्यानं बँड निवडतो, पण हा तात्पुरता इलाज. घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करणं हा खरा.

५जीच्या खुणेवर भाळू नका. जिओचं ५जी ७०० वरही आहे. आत शिरल्यावर खूण तीच राहते, पण ३५०० च्या आसपासचा रुंद पट्टा न राहता १० मेगाहर्ट्झ रुंदीचा अरुंद पट्टा येतो आणि वेग ४जीसारखा. एनआर-एआरएफसीएन (५जीच्या लहरीचा क्रमांक) १५ किंवा १६ नं सुरू झाला तर ७००, ६२ ते ६४ नं झाला तर वरचा. एअरटेलचं मोबाइल ५जी मुख्यतः ४जीच्या खांद्यावर चालतं. आत ५जी ये-जा करत बॅटरी खात असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची पसंती ४जीवर ठेवा.

बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर घेऊ नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहेत, आणि तुमच्या घरात काड्या चढल्या तरी टॉवरकडे जाणाऱ्या वाटेवर गोंगाट होऊन सगळ्या आळीचे कॉल तुटतात.

अमेरिकेहून कोणी फोन आणणार असेल तर मॉडेल क्रमांकावरून बँड ५, ८, २८ आणि ४० (म्हणजे अनुक्रमे ८५०, ९००, ७०० आणि २३००) आहेत का ते आधी बघा. आयफोन १४ पासून तिकडच्या मॉडेलांना सिमची खाचच नाही, ई-सिम घ्यावं लागतं.

नंबर पोर्ट करण्याआधी दुसऱ्या कंपनीचं प्रीपेड सिम दुसऱ्या खाचेत घालून महिनाभर याच आकड्यांवर पारखा. पटलं तरच १९०० ला PORT, मग जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा संदेश पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो, तेवढ्यात दुकान गाठा.