वर्गात एसी, प्युरिफायर की एक्झॉस्ट पंखा?

पालकसभेत कुणीतरी "एसी बसवा" म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. वर्गणी काढण्याआधी एवढंच विचारा: यातलं कोणतं यंत्र बाहेरची हवा आत आणतं?

छताचा पंखा आणत नाही. स्प्लिट एसीही नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळ्यांतून गॅस जातो, हवा नाही. हे आमच्या समितीतल्या दोन इंजिनिअर पालकांनाही पटवावं लागलं! २० बाय २५ फुटांचा, १० फूट उंच वर्ग म्हणजे साधारण १४० घनमीटर हवा. बसलेलं मूल तासाला १२ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं, असं धरू. एसीसाठी दारं-खिडक्या लावून घेतल्या, तर ५० मुलं ३५ मिनिटांच्या तासिकेत ३५० लिटर सोडणार. बाहेर सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग) असलेला आकडा वर्गात २,९०० कडे जाणार. फटींमुळे थोडा कमी, इतकंच. एरवी १,००० च्या आत असावा असं मानतात. हा वायू एवढ्या प्रमाणात विषारी नाही, पण आपण एकमेकांचा किती श्वास घेतोय हे त्यावरून कळतं. एकाला सर्दी झाली की आठवड्यात अर्धा वर्ग का शिंकतो, तेही.

प्युरिफायरचं काम वेगळं. त्यातला हेपा फिल्टर धूळ, धूर, परागकण पकडतो. कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. शाळा हमरस्त्याला किंवा बांधकामाला लागून असेल, तर हिवाळ्यात उपयोग होतो, पण घरगुती मापाचा एक पुरत नाही, दोन लागतात. शिवाय फिल्टर बदलण्याचा खर्च दरवर्षी कोण करणार, ते आधीच ठरवा.

माझं मत एक्झॉस्ट पंख्याला. बारा इंची पंखा मोकळ्या हवेत तासाला हजारेक घनमीटर फेकतो. जाळी-झडपेमुळे ते कमी होतं, म्हणून ५० च्या पटाला दोन घ्या. पण बसवायचे कुठे, इथे घोळ होतो. उघड्या खिडकीच्या डोक्यावर पंखा लावला, तर तो त्याच खिडकीतून हवा घेऊन बाहेर टाकतो आणि मागचे बाक कोंदटच राहतात. खिडक्या उघड्या ठेवायच्या त्या समोरच्या भिंतीच्या. स्वच्छतागृहाकडून हवा ओढली जात नाही ना, तेही बघा. आवाजाची तक्रार मात्र येणारच.

आणि खिडक्या? दोन्ही बाजूंना असतील तर आरपार वाऱ्याइतकं स्वस्त काही नाही. आमच्याकडे वरचे झरोके रंगाच्या थरांनी चिकटले होते आणि एका खिडकीपुढे नकाशांचं कपाट होतं. पटाशी घेऊन अर्ध्या दिवसात ते मोकळे केले. पावसाळ्यात झडीकडची बाजू लावावीच लागते. तेव्हा पंखा हवा.

एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणारा. तो खिडकीत नको, मधल्या बाकावर ठेवा आणि शेवटच्या तासिकेला वाचा. आमचा एकच मीटर दर आठवड्याला वर्ग बदलतो. सातवीत फळ्याच्या कोपऱ्यात पट ५२, हजर ४८ लिहिलेलं असतं. त्याखाली मुलं आता हाही आकडा लिहितात.